विजेची मोटार आणि शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या कुणा विदुषीला बोलावतो. यंदा कार्यकारिणीत ठरले की, एकदा आपल्यातलीच कुणी उभी राहू दे. चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विजेची मोटार चालविता. ती चालते कशी, तिला वीज देता कुठून, आणि तुमच्या सोसायटीत त्यावरून काय झाले, एवढेच सांगा." तेव्हा एवढेच सांगणार आहे.

आमच्या घरात मोटार हौसेने आली नाही. सासूबाईंना दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. दवाखाना मुलुंडच्या आमच्या घरापासून नऊ किलोमीटर. जाताना रिक्षा मिळे. पण चार तास यंत्राला जोडून राहिलेले माणूस परत आणायचे, तर त्या वेळी हटकून रिक्षा मिळत नसे. मिळाली तर खड्ड्याखड्ड्यांतून त्यांचा जीव नकोसा होई. मुलाने मग कुणाकडून वापरलेली एक लहान विजेची मोटार घेतली. यांची पहिली पाळी, मुलगा नोकरीला पुण्यात. राहिले कोण? मी. त्रेचाळिसाव्या वर्षी मी शिकाऊ परवान्याच्या परीक्षेला बसले.

पुष्कळजणींना वाटते, ही काहीतरी अगदी नवी तऱ्हा आहे. तसे नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ पर्यंत धावली. बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला निघाली. आपल्या आज्यापणज्या विजेवरच फिरल्या. मोटारीचेही तसेच. अमेरिकेत शंभरावर वर्षांपूर्वी शहरातल्या बायका विजेची मोटार पसंत करीत. कारण पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभे राहून लोखंडी दांडा जोर लावून फिरवावा लागे. ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलच्या मोटारी घरोघर नेल्या, त्याची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची मोटार चालवीत असे! पुढे १९१२ पासून बटणावर सुरू होणाऱ्या पेट्रोल-गाड्या आल्या, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. म्हणजे ही गेलेली पाहुणी परत आली आहे, एवढेच.

आता चालविण्याविषयी. मोटार-शाळेच्या गाडीत क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर असे तीन पेडल, त्यात गिअर. चढावर गाडी मागे सरकली की माझे हातपाय गार पडत. घरच्या गाडीत दोनच पेडल आहेत आणि दोन्हीवर उजवा पाय. गिअर बदलायचे नाहीत, गाडी बंद पडायची भीती नाही. संध्याकाळच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने पुढे जाते, तेव्हा याचे सुख कळते. शिवाय थांबलेल्या गाडीत यंत्र फुकट जळत नाही. पेट्रोलची गाडी सिग्नलला उभी राहून इंधन खाते. हिला अशा वेळी पंख्यापुरती, गारव्यापुरती वीज लागते.

आणखी एक गंमत. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि त्या वेळी तीच मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत घालते. म्हणून शहरातल्या थांबत थांबत जाण्यात ही गाडी काटकसरी, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळविली तर उधळी. पेट्रोलच्या गाडीचे नेमके याच्या उलटे असते.

पण दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, पाय दाबताच ही गाडी एकदम झेप घेते, म्हणून पाय हलका ठेवावा. दुसरी त्याहून मोठी. सावकाश चालताना हिचा आवाज जवळजवळ येत नाही. आपल्या आवारात पोरे खेळत असतात, म्हातारी माणसे पाठमोरी चालत असतात. त्यांना वर्षानुवर्षांची सवय, की मोटार आली तर कानाला कळेल. इथे कळत नाही. म्हणून फाटकातून आत आल्यावर मी काच खाली करते, माणसाच्या चालीने गाडी नेते आणि गरज पडली तर "अहो काका, जरा बाजूला" असे तोंडाने सांगते. हिरव्या पाटीची गाडी मागे दिसली, तर ती ऐकू आली नसणार हे मुलांनाही शिकवून ठेवा.

आता वीज भरण्याचा हिशेब. हा आपल्या पिठामिठासारखाच आहे. आमच्या गाडीच्या बॅटरीत २४ युनिट मावतात. एका युनिटला शहरात साधारण आठ किलोमीटर जाते, म्हणजे भरलेल्या बॅटरीवर १८०-१९० किलोमीटर. विकतानाच्या कागदावर याहून पुष्कळ मोठा आकडा असतो. त्यावर जाऊ नये. कुकरच्या पुस्तकातल्या वेळेइतकाच तो खरा. दवाखान्याची एक खेप जाऊन-येऊन १८ किलोमीटर, म्हणजे सव्वादोन युनिट. मीटरवर थोडी जास्त पडते, कारण भरताना काही वीज उष्णतेत जाते. दूध तापविताना भांड्याला थोडे लागतेच की!

घरातल्या इस्त्रीच्या, गिझरच्या मोठ्या सॉकेटवर ही गाडी भरता येते. तासाला पावणेतीन युनिट जातात. रिकामी गाडी पूर्ण भरायला रात्र लागते. पण रिकामी होऊ देतो कोण? पाण्याची टाकी तळाला जाईपर्यंत आपण थांबत नाही, तसेच हे. रोजच्या वापराला बॅटरी वीस टक्क्यांखाली जाऊ देऊ नये आणि ऐंशीच्या वर उगाच भरू नये. ती जास्त टिकते. लांब जायचे असेल त्या रात्रीच शंभर करावी. आम्हाला आठवड्यातून दोनदा भरली तरी पुरते. पैशाचे म्हणाल, तर पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. शहरात लहान गाडी एका लिटरमध्ये बारा-पंधरा किलोमीटर जाते. इकडे आठ किलोमीटरला एक युनिट. युनिटचा दर आपापल्या बिलावर पाहा आणि हिशेब घरी करा.

इथवर सगळे सोपे. अवघड जे आहे ते पुढेच.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी खाली. वीज खाली न्यायची कशी? पहिल्या रात्री गॅलरीतून वायर सोडली आणि गाडीबरोबर आलेला डबा जोडला. डब्यावर लाल दिवा लागला आणि गाडी काही वीज घेईना. वायरमनला बोलाविले. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरात अर्थिंगच नाही." इमारत १९७८ ची. अर्थिंगची तार कधीच गंजून तुटली होती. इतकी वर्षे आम्ही धुण्याचे यंत्र, गिझर, फ्रीज बिनअर्थिंगचे वापरीत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता! गाडीने सांगितले, म्हणून कळले. मीटरच्या खोलीपासून नवी तार आणून ते काम तेव्हाच करून घेतले.

पण पुढची चूक माझी. खाली न्यायची वायर साधीच होती, लग्नकार्यात दिव्यांना लावतात तसली, आणि तिच्या टोकाचा बोर्डही हलका. मला वाटले, वीज जाते आहे ना, झाले तर! पाच आठवडे असेच चालले. श्रावणातल्या एका संध्याकाळी रबर जळाल्याचा वास आला आणि तळमजल्याचे आजोबा खालून ओरडले, "वरचे बटण बंद करा आधी!" मी धावले. खाली जाऊन पाहते तो बोर्ड वितळून प्लगला चिकटलेला. दोन पावलांवर मुलांच्या सायकली. देवाची कृपा, म्हणून पुढे काही झाले नाही.

आजोबांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. दुसऱ्याच आठवड्यात पत्र आले की, आवारात कुणीही विजेची गाडी भरायची नाही.

मला राग आला, हे खोटे कशाला सांगू? पण राग आला म्हणून दवाखाना चुकत नाही. तीन किलोमीटरवर एका आवारात पैसे भरून गाडी भरण्याची सोय होती, तिथे जाऊ लागले. दर घरच्याच्या सुमारे दुप्पट. कधी यंत्र बंद, कधी दुसऱ्याची गाडी लागलेली आणि मालक जेवायला गेलेला. एका बुधवारी सासूबाईंना यंत्राला लावून मी गाडी भरायला गेले. अकरा टक्के उरले होते. पुढे दोन गाड्या. माझी पाळी येऊन मी परत पोहोचले, तो अर्धा तास उशीर झाला होता. सासूबाई बाकावर बसून होत्या, सुई काढलेल्या जागी पट्टी दाबून. मला म्हणाल्या काय, "तू जेवलीस का?" मला रडू आले. त्या रात्री मी ठरविले की, सोसायटीच्या सभेत बोलायचे.

भगिनींनो, सभेत तोवर मी कधी तोंड उघडले नव्हते. सह्या हे करीत, मी चहा करी. त्या दिवशी उभी राहिले आणि आधी सांगितले, "बोर्ड जळाला तो माझ्या चुकीने. आजोबांनी पाहिले म्हणून निभावले. त्यांची भीती खोटी नव्हती." एवढे म्हटल्यावर सभा जरा निवळली. मग मी सांगितले की, जानेवारी २०२२ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने काढलेल्या सूचनांप्रमाणे मालकाला आपल्या घरच्या जोडणीवरून गाडी भरता येते. पण मला कागद नाचवून परवानगी नको होती. ज्यांच्या दारावरून रोज जायचे, त्यांच्याशी कागदाने भांडून कसे चालेल?

चार हरकती निघाल्या. एक, वीज सोसायटीच्या मीटरवर पडेल. दोन, आग लागेल. तीन, वायरी दुसऱ्यांच्या जागेतून जातील. चार, आज एक गाडी, उद्या दहा. इमारतीच्या वायरी तो भार कसा सोसतील?

उत्तर द्यायला उठले कोण, तर तळमजल्याचे आजोबाच. ते आयुष्यभर गिरणीत वायरमन होते, हे मला तोवर माहीत नव्हते. ते म्हणाले, "मी तक्रार केली ती गाडीविरुद्ध नव्हे, त्या वायरीविरुद्ध. ही बाई चोरून भरते आहे, म्हणून धोका आहे. हिला उघडपणे, नीट भरू द्या. बंदी घातलीत तर उद्या दुसरा कुणी रात्री बाराला खिडकीतून वायर सोडेल, आणि मग मीही जागा नसेन."

काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. परवानाधारक वायरमनने मीटरच्या खोलीतून, आमच्याच मीटरवरून, वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भिंतीलगत नळीतून आणली. मध्ये कुठे जोड नाही. तिला स्वतंत्र एमसीबी, आणि शिवाय वीज गळाली तर तत्काळ तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र. सॉकेट झाकणाचे, जमिनीपासून चार फूट उंच. कारण पावसाळ्यात आमच्या आवारात पाणी साचते. वायर टाकण्याआधी मीटरचा मंजूर भार वाढवून घेतला. खर्च सगळा आमचा. पहिल्या रात्री आजोबा तासातासाने येऊन सॉकेटला हात लावून पाहात होते. तो गार होता. आता मीही तीच सवय ठेवली आहे. सॉकेट कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर भरणे थांबवायचे आणि माणूस बोलवायचा.

चौथी हरकत मात्र खरी होती, ती तशी उडवून लावण्यासारखी नव्हती. वर्षाच्या आत आणखी एक मोटार आणि दोन विजेच्या स्कूटर आल्या. प्रत्येकाने आपापली वायर ओढली असती, तर भिंतीवर जाळे झाले असते. मग मी आमचाच हिशेब सगळ्यांपुढे मांडला. शहरातली गाडी रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाते, म्हणजे तीन युनिट, म्हणजे सव्वा तासाचे काम. सगळ्यांनी एकाच रात्री, एकाच वेळी भरायची गरजच नाही! सोसायटीने एक सामाईक सॉकेट लावला आणि त्याला वेगळा मीटर. मीटरच्या खोलीच्या दारावर पाळ्यांचा तक्ता आहे. ज्याची पाळी, तो आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहितो. पूर्वी चाळीत नळावर पाळ्या लागत, तोच हा न्याय. त्या नळावर भांडणे होत, पण पाणी सगळ्यांना मिळे.

स्कूटरवाल्या मैत्रिणींना एक सांगते. बॅटरी काढून घरात आणता, तेव्हा ती दाराशी किंवा जिन्यात भरायला लावू नका. नको ते झाले, तर बाहेर पडायची वाट तीच असते. सगळी झोपल्यावर भरू नका, आणि चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा.

लांबच्या प्रवासाचेही थोडे सांगते. दिवाळीच्या आधी मुलाकडे पुण्याला गेलो. शंभर टक्के भरून निघालो. सपाटीवर वेग ऐंशीच्या आत ठेवला तर आकडा हळूहळू उतरतो; खंडाळ्याच्या घाटात मात्र डोळ्यांदेखत गळतो. म्हणून घाट चढण्याआधी खालापूरला थांबून भरून घेतली. अशा ठिकाणचे मोठे यंत्र तासाभरात ऐंशीपर्यंत नेते. नंतर मुद्दामच हळू भरते. तेव्हा ऐंशी झाले की निघावे, मागच्याला जागा द्यावी. पाळी लावून चहाला जाणाऱ्याने फोन जवळ ठेवावा. दवाखान्याच्या दिवशी मी ज्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यासारखे आपण होऊ नये. परत येताना घाट उतरताना काही वीज परत मिळाली. मुलाने सांगितले म्हणून आकडा पाहिला आणि तो चक्क वाढत होता!

पावसाळ्याचे पुष्कळजणी विचारतात. बॅटरी गाडीच्या पोटाखाली बंद डब्यात असते आणि पाणी आत जाऊ नये अशी बांधणी असते. म्हणून पावसात चालविता येते, भरताही येते. पण ओल्या हाताने प्लग धरू नये, आणि साचलेले पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसले तर गाडी आत घालू नये. गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर तपासून घेतल्याशिवाय वीज लावू नये.

कुणी म्हणतील, वीज तरी कोळशाचीच ना? खरे आहे. आपल्या राज्यातली पुष्कळ वीज अजून कोळशावर होते, आणि तो धूर चंद्रपूरकडच्या आपल्या बहिणी सोसतात. ही गाडी पुण्याचे काम आहे असे मी म्हणणार नाही. जिथे पायी जाता येते तिथे पायी जावे, लोकलने जाता येते तिथे लोकलने. पण ज्या घरात गाडीवाचून चालत नाही, त्या घराने शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडू नये, इतके तरी हिने साधते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण इथे पन्नाससाठजणी आहोत. आपापल्या इमारतीत दोन गोष्टी करा. घरातले अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्या. गाडी असो वा नसो. आणि सोसायटीच्या सभेला स्वतः जा. गाडी भरण्याचा विषय निघाला तर "नको" म्हणू नका आणि "चालू दे" असेही म्हणू नका. "कसे करायचे ते नीट ठरवू" असे म्हणा. बंदीने वायर खिडकीतून येते आणि बेपर्वाईने बोर्ड जळतो. दोन्ही मी केले आणि पाहिले आहे.

परवा आजोबांना डोळ्यांच्या तपासणीला जायचे होते. मी गाडीतून नेले. उतरताना म्हणाले, "सूनबाई, आवाज येत नाही हे बाकी बरे नाही हो." मी म्हटले, "म्हणून तर आजोबा, काच उघडी ठेवते." सासूबाईंची यायची वेळ झाली आहे, तेव्हा आज्ञा घेते.